पेशींवर संशोधन करायचंय? बीएस्सीच्या वर्गापासून लॅबपर्यंत

"मॅडम, मला कॅन्सरवर रिसर्च करायचाय." उन्हाळ्याच्या सुट्टीत प्रोजेक्टसाठी येणाऱ्या बहुतेक मुलामुलींचं पहिलं वाक्य हेच असतं. मी विचारते, "रविवारी सकाळी नऊला तू कुठे असतेस?" त्यांना वाटतं मी चेष्टा करतेय. लॅबमध्ये वाढवल्या जाणाऱ्या हेला नावाच्या कॅन्सरपेशी साधारण २४ तासांत दुप्पट होतात. शुक्रवारी संध्याकाळी अर्धा भरलेला फ्लास्क तसाच ठेवून गावी गेलात, तर सोमवारी सकाळी मीडिया (पेशींना अन्न देणारं द्रावण) पिवळा पडलेला असतो आणि पेशी तळ सोडून तरंगत असतात. पेशींना रविवार कळत नाही आणि गौरी-गणपतीही कळत नाहीत.

त्यामुळे 'कुठल्या विषयावर पीएचडी करू' या प्रश्नाला मी फार किंमत देत नाही. विषय बदलतात, माझा तीनदा बदलला. रोजचं काम मात्र तेच राहतं. ते आपल्याला झेपतं का आणि आवडतं का, हे बीएस्सीतच कळलं तर पुढची चार-पाच वर्षं वाचतात.

आधी काम बघा

लॅबमध्ये शिरलात की 'पेशी पास करायच्या आहेत' हे वाक्य रोज कानावर येईल. म्हणजे भरलेल्या फ्लास्कमधल्या पेशी सोडवून त्यातल्या थोड्या नव्या फ्लास्कमध्ये घालायच्या. त्यात काय असतं ते सांगते.

हूडचा (जंतू येऊ नयेत म्हणून ज्याच्या आत काम करायचं ते कपाट) यूव्ही दिवा बंद करायचा, ७० टक्के अल्कोहोलने हात आणि ओटा पुसायचा, मीडिया ३७ अंशांच्या वॉटर बाथमध्ये कोमट करायला ठेवायचा. मग इनक्युबेटरमधून फ्लास्क काढून आधी नुसत्या डोळ्यांनी बघायचा. मीडियात आम्लतेनुसार रंग बदलणारं फिनॉल रेड असतं. रंग लालसर असेल तर ठीक. पिवळट असेल तर पेशी जास्त वाढल्यात, किंवा आत बॅक्टेरिया शिरलेत. जांभळट गुलाबी दिसला तर कार्बन डायऑक्साइड पोचत नाहीये, आधी सिलिंडर तपासा. त्यानंतर मायक्रोस्कोप. जुना मीडिया काढून पीबीएसने (क्षारांचं सौम्य द्रावण) धुवायचं, कारण मीडियातल्या सीरमचा (रक्तातला द्रव भाग) अंश राहिला तर ट्रिप्सिन, म्हणजे पेशी तळापासून सोडवणारं एन्झाइम, नीट काम करत नाही. मग ट्रिप्सिन, आणि दोन-तीन मिनिटं थांबायचं.

ही दोन-तीन मिनिटं मला अजूनही आवडतात. हातपाय पसरून बसलेल्या पेशी हळूहळू गोल होतात. फ्लास्कला बाहेरून टिचकी मारली की सायीसारखा पातळ पांढरट थर तळावरून सुटून वाहू लागतो. त्याच क्षणी सीरमवाला मीडिया ओतून ट्रिप्सिन थांबवायचं. फोन वाजला म्हणून बाहेर गेलात तर परत येईपर्यंत पेशींची वाट लागलेली असते. मग थेंबभर घेऊन ट्रायपॅन ब्लू हा रंग मिसळायचा आणि हिमोसायटोमीटरवर (पेशी मोजायची चौकोन आखलेली काच) मोजायचं. मेलेल्या पेशी निळ्या दिसतात, जिवंत चमकतात. चार कोपऱ्यांतल्या मोठ्या चौकोनांची सरासरी घ्या, तिला दहा हजाराने आणि मग डायल्यूशनने गुणा, की एका मिलिलिटरमधल्या पेशी मिळाल्या.

सगळं मिळून अर्धा-पाऊण तास लागतो. आठवड्यातून दोन-तीनदा, वर्षानुवर्षं. खरा प्रयोग याच्यानंतर सुरू होतो.

हे तंत्र आपल्याकडे रुजवणाऱ्यांत कमल रणदिवे यांचं नाव प्रत्येक मराठी विद्यार्थ्याला ठाऊक असायला हवं. जन्म १९१७ चा, पुण्याचा. वडील फर्ग्युसनमध्ये जीवशास्त्र शिकवायचे आणि मुलीने डॉक्टर व्हावं अशी त्यांची इच्छा होती. ती मात्र फर्ग्युसनमधून बीएस्सी झाली आणि एमएस्सीला सीताफळाच्या कुळातल्या वनस्पतींच्या क्रोमोसोमवर काम केलं. मग मुंबईत पॅथॉलॉजिस्ट डॉ. खानोलकरांच्या हाताखाली १९४९ मध्ये पीएचडी. पुढे बाल्टिमोरला जॉर्ज गे यांच्या लॅबमध्ये टिश्यू कल्चर, म्हणजे शरीराबाहेर पेशी वाढवणं, शिकल्या. १९५१ मध्ये हेन्रिएटा लॅक्स या कॅन्सरच्या रुग्णाच्या गाठीतून हेला पेशी वाढवल्या गेल्या, तीच ही लॅब. परत येऊन त्यांनी मुंबईच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये टिश्यू कल्चरची प्रयोगशाळा उभी केली आणि स्तनाच्या कर्करोगावर काम केलं. सीताफळापासून कॅन्सरपर्यंत! क्रोमोसोम बघायची सवय दोन्हीकडे कामाला आली असणार, असं मला नेहमी वाटतं.

बीएस्सीत असताना: कांद्याचं मूळ

झूलॉजी, बॉटनी, मायक्रो, बायोटेक, केमिस्ट्री, यातलं काहीही चालतं. 'बायोटेक नाही मिळालं, आता काय' म्हणून रडू नका. माझ्याबरोबर पीएचडी करणारा सगळ्यात चांगला माणूस फिजिक्सचा होता.

तालुक्याच्या कॉलेजात कॉन्फोकल हा महागडा मायक्रोस्कोप नसतो, टिश्यू कल्चर रूमला कुलूप असतं किंवा ती नसतेच. पण कांद्याच्या मुळाचं प्रॅक्टिकल सगळीकडे असतं. आपण ते कसं करतो? स्लाइड करायची, मेटाफेज (पेशीविभाजनातली एक पायरी) सापडला की सरांना दाखवायचा, जर्नलमध्ये आकृती काढायची, सही घ्यायची. सापडला नाही तर पुस्तकातून आकृती काढायची. (मीही काढली आहे.)

त्याऐवजी एकदा असं करून बघा. सहा कांदे पाण्याच्या ग्लासांवर ठेवा, दोन-तीन दिवसांत मुळं फुटतील. काही मुळं सकाळी आठला कापा, काही दुपारी, काही रात्री, आणि वेळ लिहून ठेवा. एक भाग अॅसिटिक अॅसिड आणि तीन भाग अल्कोहोल अशा मिश्रणात ती फिक्स करा. मग नेहमीप्रमाणे कोमट हायड्रोक्लोरिक अॅसिड, अॅसिटोकार्मिन आणि स्क्वॅश. आता आकृती काढू नका. मोजा. प्रत्येक स्लाइडवर किमान ५०० पेशी, त्यातल्या विभाजन होत असलेल्या किती? त्याची टक्केवारी म्हणजे मायटोटिक इंडेक्स. वेळेनुसार तो बदलतो का?

मोजण्याआधी मैत्रिणीला सांगा, स्लाइडवरची वेळ चिकटपट्टीने झाकून त्यावर फक्त अ, ब, क लिही. नाहीतर 'सकाळी जास्त असतात' असं वाचलेलं असतं आणि सकाळच्या स्लाइडवर डोळा आपोआप दोन पेशी जास्त शोधतो. तिसऱ्या स्लाइडला मान दुखेल. एका टोकाची पेशी प्रोफेज (विभाजनाची पहिली पायरी) धरायची की नाही यावर स्वतःशीच वाद होईल, मग नियम ठरवावा लागेल आणि आधीच्या दोन स्लाइड पुन्हा मोजाव्या लागतील. एवढं करून आलेले आकडे एक्सेलमध्ये भरून सरांकडे नेलेत, तर पुढच्या वर्षीचं शिफारसपत्र वेगळं लिहिलं जाईल.

याबरोबर दोन गोष्टी शिका. एक, संख्याशास्त्र, सरासरी आणि स्टँडर्ड एररमधला फरक झोपेत सांगता आला पाहिजे. दुसरी, इमेजजे किंवा फिजी हे फोटो मोजायचं सॉफ्टवेअर. फुकट आहे, साध्या लॅपटॉपवर चालतं, आणि मोबाइलने काढलेल्या स्लाइडच्या फोटोवरही पेशी मोजायला शिकता येतं. पेपर वाचण्यासाठी बायोआर्काइव्हवर छपाईआधीचे लेख मोफत मिळतात. तुम्ही सरकारी विद्यापीठात असाल तर जानेवारी २०२५ पासून 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन'मधून हजारो जर्नल्स उघडतात. ग्रंथपालांना विचारा, पुष्कळांना लॉगिन कसं करायचं हे कुणी सांगितलेलंच नसतं.

सुट्टीतला प्रोजेक्ट आणि तो ईमेल

तिन्ही विज्ञान अकादम्यांची मिळून दोन महिन्यांची समर रिसर्च फेलोशिप असते, मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेचा व्हीएसआरपी हा तसाच कार्यक्रम असतो. फॉर्म हिवाळ्यात भरावे लागतात, सुट्टी लागल्यावर नाही. दिवाळीचा फराळ संपायच्या आत वेबसाइट बघायला लागा. नाव लागलं नाही तर थेट लॅबला लिहायचं, आणि इथेच बहुतेकांची विकेट जाते.

मला येणारे ईमेल साधारण असे असतात: 'रिस्पेक्टेड सर' (मी बाई आहे), पुढे 'आपल्या नामांकित संस्थेत काम करण्याची तीव्र इच्छा आहे', खाली चार पानी बायोडेटा, त्यात दहावीतला रांगोळी स्पर्धेचा नंबर. आणि वर 'टू'मध्ये आणखी तीस प्राध्यापकांचे पत्ते उघडे. हा ईमेल मी पुरा वाचत नाही, कुणीच वाचत नाही.

उत्तर मिळालेला एक ईमेल जवळजवळ जसाच्या तसा आठवतो. सहा ओळी होत्या. मी अमुक कॉलेजात बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तुमच्या लॅबचा ऑटोफॅजीवरचा (पेशी स्वतःचेच भाग पचवते ती प्रक्रिया) पेपर वाचला. तिसऱ्या आकृतीत उपाशी ठेवलेल्या पेशी सहा तासांनंतर मोजल्यात, त्याआधी का नाही हे कळलं नाही. मी कांद्याच्या मुळांवर मोजणी केली आहे, आकडे जोडले आहेत. मे-जूनमध्ये आठ आठवडे येऊ शकते, राहायची सोय आत्याकडे आहे. संपलं. मी त्याच रात्री उत्तर दिलं. तिच्या प्रश्नाचं उत्तर मला तेव्हा नीट देता आलं नाही, ते वेगळं.

दहा दिवसांत उत्तर आलं नाही तर एकदा आठवण करा, पुन्हा नको. वीस ईमेलना दोन उत्तरं आली तर ते चांगलं समजा. आणि प्रोजेक्टला गेलात की लॅबमधल्या मदतनीस काकांशी ओळख करून घ्या. ऑटोक्लेव्ह (वाफेने निर्जंतुक करायचं यंत्र) सांभाळणाऱ्या काकांनी मला जे शिकवलं ते कुठल्याही वर्गात शिकले नाही. बाटलीचं झाकण पूर्ण आवळून आत ठेवायचं नाही, हेसुद्धा.

एमएस्सी, परीक्षा

हा भाग कोरडा आहे, पटकन उरकते. बारावीनंतरच ठरलं असेल तर आयसर या केंद्रीय विज्ञान संस्था आहेत (पुण्याची २००६ ची), आणि एनईएसटी परीक्षेतून मुंबईचं सीईबीएस हे विज्ञान केंद्र. बीएस्सीनंतर आयआयटीसाठी जॅम ही प्रवेश परीक्षा, डीबीटीच्या (केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग) एमएस्सीसाठी गॅट-बी, शिवाय आपली विद्यापीठं आहेतच. टीआयएफआर आणि बेंगळुरूचं एनसीबीएस जेजीईईबीआयएलएस परीक्षेतून बीएस्सीच्या मुलांना थेट इंटिग्रेटेड पीएचडीला घेतात, हे आपल्याकडे अनेकांना माहीतच नसतं. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे चार वर्षांची पदवी ७५ टक्क्यांनी झाली असेल तरी पीएचडीला पात्र ठरता.

मोठी परीक्षा सीएसआयआर-नेट, पीएचडीची फेलोशिप आणि प्राध्यापकीची पात्रता देणारी. लाइफ सायन्सेसच्या पेपरात २०० पैकी १०० गुण भाग क मध्ये असतात: ७५ प्रश्नांतले २५ सोडवायचे, प्रत्येकी चार गुण, चुकलं तर एक गेला. तिथे पाठांतर तोकडं पडतं, कारण ब्लॉटच्या (प्रथिनं किंवा डीएनए ओळखायची चाचणी) पट्ट्या आणि आलेख देऊन 'यातून काय सिद्ध होतं' असं विचारतात. क्लासच्या नोट्सपेक्षा रोज एका पेपरमधली एक आकृती मथळा झाकून वाचायची सवय जास्त कामाला येते. २०२४ पासून निकाल तीन गटांत लागतो आणि त्यातला एक गट फक्त पीएचडी प्रवेशासाठीचा आहे. जेआरएफ, म्हणजे नेटमधून मिळणारी फेलोशिप, हुकली म्हणजे दार बंद झालं, असं नाही.

गाइड निवडताना

इथे घाई करू नका. लग्न जमवताना आपण मुलाच्या मामाच्या चुलतभावापर्यंत चौकशी करतो, आणि पाच-सहा वर्षं ज्या माणसाच्या हाताखाली काढायची त्याची एकही चौकशी करत नाही.

संस्था नावाने ओळखू नका. पुण्यात एनसीसीएस आहे, आघारकर आहे, आयसर आहे. मुंबईच्या बाजूला टीआयएफआर, आयआयटी, परळचं एनआयआरआरसीएच, खारघरचं अॅक्ट्रेक. शेजारी हैदराबादला सीसीएमबी. सगळी नावं मोठी, पण आत प्रत्येक लॅब म्हणजे वेगळं गाव.

जाऊन बघा. गाइड खोलीत नसताना तिथल्या मुलांबरोबर कँटीनला चहा प्या आणि विचारा: आधीच्या मुलांना किती वर्षं लागली? मधेच सोडून कोण गेलं? पेपरवर पहिलं नाव कुणाचं लागतं? प्रयोग फसला तर ग्रुप मीटिंगमध्ये काय होतं? या शेवटच्या प्रश्नावर दोन मुलं एकमेकांकडे बघून गप्प बसली तर चहा संपवा आणि बाहेर पडा. मी एका ठिकाणी हे बघितलं होतं, तरी विषय आवडला म्हणून गेले. दीड वर्षाने लॅब बदलली. विषय आजही आवडतो.

गाइड रोज भेटतो की महिन्यातून एकदा, हेही विचारा. दोन्ही प्रकार चांगले असू शकतात, तुम्हाला कुठला मानवतो ते तुम्हीच ओळखायचं. रोज कुणी खांद्यावरून वाकून बघितलं तर माझे हात थरथरतात.

मुलाखतीत जगभरचं विचारत नाहीत. तुमच्या एमएस्सीच्या डेझर्टेशनमधलंच विचारतात, आणि नव्वद टक्के मुलं कंट्रोलवर अडकतात. 'औषध टाकलं, पेशी मेल्या. कंट्रोल काय होता?' 'काहीच न टाकलेल्या पेशी, सर.' 'औषध कशात विरघळवलं होतं?' 'डीएमएसओमध्ये.' (औषधं विरघळवायचा द्रव.) पुढे शांतता. डीएमएसओनेही पेशी मरू शकतात. तेवढंच डीएमएसओ, पण औषध नसलेलं, हा तुमचा कंट्रोल. तो केलाच नसेल तर तसं सरळ सांगा, आणि आता करायचं झालं तर कसा कराल तेही सांगा. खोटं बोललात की पुढच्या दोन प्रश्नांत कळतं.

पहिलं वर्ष

माझ्या एमएस्सीच्या प्रोजेक्टमधले सहा आठवडे पाण्यात गेले. पेशी वाढायच्या, पण हळू. मीडिया गढूळ नाही, मायक्रोस्कोपखाली काही दिसत नाही, फक्त आकडे रोज वेगळे. शेजारच्या लॅबमधून कुणीतरी प्रेमाने दिलेला फ्लास्क होता. शेवटी एका सिनिअरने डॅपी, म्हणजे डीएनए निळा चमकवणारा रंग, लावून बघायला सांगितलं. केंद्रक निळं चमकत होतंच, पण त्याच्याभोवती, जिथे काहीच नसायला हवं तिथे, बारीक निळ्या ठिपक्यांची रांगोळी! मायकोप्लाझ्मा, एक अगदी छोटा बॅक्टेरिया. त्याला पेशीभित्तिका नसते म्हणून पेनिसिलिन चालत नाही, आणि तो इतका लहान की नेहमीच्या गाळणीतूनही निसटतो. सगळं ऑटोक्लेव्ह करून टाकलं. काका म्हणाले, "रडू नको पोरी, सिलिंडर तरी वाचला."

तेव्हापासून माझे दोन नियम आहेत. नवी पेशी आली की आधी ती वेगळ्या इनक्युबेटरमध्ये आणि मायकोप्लाझ्माची पीसीआर (डीएनए शोधायची चाचणी) करूनच आत. आणि पेशी शक्यतो एनसीसीएसच्या सेल रिपॉझिटरीसारख्या (पेशींची बँक) ठिकाणाहून आणायची, 'अरे, माझ्याकडे आहे, घेऊन जा' असं म्हणणाऱ्या मित्राकडून नाही. अशा देवाणघेवाणीत पेशींची सरमिसळ होणं हा आजचा आजार नाही. १९६६ मध्ये स्टॅन्ली गार्टलर यांनी दाखवून दिलं होतं की वेगवेगळ्या म्हणून वापरल्या जाणाऱ्या बऱ्याच मानवी पेशी खरं तर हेलाच होत्या. लोक दुसऱ्याच अवयवाच्या पेशी समजून त्यांच्यावर काम करत होते.

लॅबबुक पेनाने लिहा, त्याच दिवशी लिहा, आणि फसलेलंही लिहा. सीरमचा लॉट नंबर लिहा. पॅसेज नंबर (पेशी कितव्यांदा पास केल्या) लिहा. सहा महिन्यांनी 'तेव्हा चाललं, आता का नाही' हा प्रश्न हमखास येतो आणि उत्तर बहुधा त्या कंटाळवाण्या नोंदीत सापडतं.

नवीन पेशी आल्यावर पहिल्याच आठवड्यात आठ-दहा व्हायल (छोट्या कुप्या) गोठवून ठेवा. १० टक्के डीएमएसओ, मिनिटाला एक अंश या गतीने थंड, मग लिक्विड नायट्रोजन. गोठवताना सावकाश, वितळवताना झटपट. पोळ्यांच्या उलट, असं माझी आई म्हणाली होती. तिला काय म्हणायचं होतं ते मला अजून कळलेलं नाही, पण लक्षात राहिलं.

पैसे

जेआरएफ जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आहे, दोन वर्षांनी एसआरएफ ४२,०००, वर घरभाडं. कागदावर ठीक दिसतं, पण फेलोशिप महिनोन्‌महिने अडकण्याचे प्रकार होतात, म्हणून पहिल्या वर्षी तीन-चार महिन्यांचा खर्च बाजूला ठेवा. नेट नसेल तर बार्टी, सारथी, महाज्योती या राज्याच्या संस्थांच्या पीएचडी फेलोशिप आहेत. जातीचे आणि उत्पन्नाचे दाखले आधीच काढून ठेवा, जाहिरात आल्यावर तहसीलला धावपळ नको. घरच्यांना पहिल्याच दिवशी सांगा की हे पाच-सहा वर्षांचं काम आहे. नाहीतर तिसऱ्या वर्षापासून प्रत्येक लग्नात 'अजून शिकतेच आहेस का' ऐकावं लागतं. सांगितलं तरी ऐकावं लागतं, पण आई आपल्या बाजूने असते.

वाट बदलली तर

ऑटोफॅजीसाठी २०१६ चं नोबेल मिळालेले योशिनोरी ओसुमी यांची स्वतःची लॅब सुरू झाली १९८८ मध्ये, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी. त्यांनी घेतलं साधं यीस्ट, प्रथिनं मोडणारी एन्झाइम्स नसलेलं, ते उपाशी ठेवलं आणि साध्या मायक्रोस्कोपखाली व्हॅक्युओलमध्ये (पेशीतली कचरा पचवणारी पिशवी) साठत जाणारे गोळे बघितले. तेव्हा व्हॅक्युओलकडे फारसं कुणी बघत नव्हतं. उशीर झाला असं कुणी म्हटलं की मी हे सांगते.

पण प्रत्येकाने लॅब काढायलाच हवी असंही नाही. आठ आठवड्यांत कळलं की हूडसमोर बसणं आपल्याने होत नाही, तर तो प्रोजेक्ट वाया गेला असं समजू नका. मायक्रोस्कोपीच्या सुविधा केंद्रांना चांगली माणसं मिळत नाहीत. प्रतिमा-विश्लेषणात प्रोग्रामिंग येणाऱ्याला कुणीही हात जोडून बोलावतं. पुण्याच्या लस आणि बायोलॉजिक्स कंपन्यांत पेशी वाढवायचंच काम असतं, फक्त फ्लास्कऐवजी मोठमोठ्या बायोरिअॅक्टरमध्ये. शिकवायचं असेल तर नेटबरोबर सेट ही राज्याची परीक्षाही द्या. पुणे विद्यापीठ घेतं, आणि राज्यातल्या कॉलेजांत चालते.

सहा ओळींचा ईमेल पाठवणारी ती मुलगी पीएचडीला आलीच नाही. आठव्या आठवड्यात म्हणाली, "मॅडम, मला पेशी बघायला आवडतात, सांभाळायला नाही." आज ती एका संस्थेत कॉन्फोकल चालवते. माझ्या लॅबमधली मुलं तिच्याकडे स्लाइड घेऊन जातात, आणि कंट्रोलची स्लाइड आणली नसेल तर ती त्यांना दारातूनच परत पाठवते.